तारीख नीट लावली तेव्हा

लेकीनं पंचवीस टिचक्या मारल्या. मोजत मी नव्हते, तीच मोठ्यानं म्हणत होती, दोन हजार एक, दोन हजार दोन, पाढे म्हणावेत तशा लयीत, आणि मी ओट्यापाशी लोणच्याच्या कैऱ्या पुसत होते. कपाट आवरताना माझ्या दादाचा जुना गेम सापडला होता. निन्टेन्डो डीएस लाइट, हातात धरून खेळायचा, दोन पडद्यांचा. एके काळी पांढरा, आता जुन्या पेटीच्या पट्ट्यांसारखा पिवळट, उजव्या बिजागरीला बारीक तडा. नवी बॅटरी घालून सुरू केला तर वरच्या पडद्यावरचं कॅलेंडर शनिवार, १ जानेवारी २००० दाखवत होतं. बॅटरी पार मेली की त्याचं घड्याळ तिथे जाऊन बसतं. पण खेळ चालू झाला. अख्खी यादी दिसली आणि लेकीनं दोन दिवस मनसोक्त खेळून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, बिचाऱ्याची तारीख तरी नीट करावी. वर्ष २०२५ वर आणलं, महिना आणला, दिवस भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून लावला. मग खेळांची यादी उघडायला गेली तर काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी. हे सॉफ्टवेअर जुनं झालं, अमुक पत्त्यावरून नवं घ्या. त्या पत्त्यावर आता काहीच नाही.

"मम्मी, मी मोडलं का गं?" ती रडवेली झाली. मोडलं नव्हतं. तिनंच पुन्हा उलट्या टिचक्या मारत वर्ष मागे नेलं आणि यादी जशीच्या तशी परत आली. पुढचा पाऊण तास तिनं नेमकी कुठे गाडी अडते ते शोधण्यात घालवला. २०१२ लावलं, चाललं. २०१८, नाही. २०१५, नाही. मग मधलं, मग त्याच्याही मधलं. २०१३च्या सप्टेंबरपर्यंत चालतं, त्यापुढे नाही, असा निकाल तिनं पाटीवर लिहावा तसा फ्रिजवर लिहून ठेवला. (आजीची नात. आजी शाळेत गणित शिकवायची.) मग पाणी पिता पिता म्हणाली, "चूक होती तेव्हा बरोबर चालत होतं." आणि सायकल काढून निघून गेली.

ते वाक्य मला तीन आठवडे सोडत नाहीये.

दादानं तो गेम २००७मध्ये सिंगापूरला घेतला, पहिल्या नोकरीच्या पगारातून. अस्सल खेळ त्यानं एकही घेतला नाही. वरच्या खाचेत बसतं ते कार्ड मोठ्या टपाल तिकिटाएवढं, आणि त्या कार्डाच्या पाठीला आणखी एक फट, तिच्यात नखाएवढं मायक्रो-एसडी. फ्लॅश कार्ट. यंत्रानं विचारलं कोण रे तू, की हे सांगतं, मी अस्सल खेळच आहे. यंत्र विश्वास ठेवतं, आणि एकदा आत शिरकाव झाला की ते आपली पोतडी उघडतं. साठ-पासष्ट खेळ. सगळ्यांत गाजलं ते आर-फोर नावाचं कार्ड, मग त्याच्या नकला आल्या, मग नकलांच्या नकला. आमचं त्या शेवटच्या भाऊगर्दीतलं, वरच्या स्टिकरचा रंगसुद्धा सरकलेला. म्हणजे चोरीचा माल वाहणारी वस्तू, तीही पुन्हा कुणाची तरी चोरून केलेली, आणि त्या शेवटच्या चोरानं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मुदत घालून ठेवलेली. दादाला फोनवर सांगितलं तर तो खो खो हसला. त्याचं मत, नवं कार्ड विकायची युक्ती. २००९च्या फेब्रुवारीत टोकियोच्या न्यायालयानं अशा कार्डांच्या विक्रीवर बंदी घातली, पुढच्या वर्षी लंडनच्या न्यायालयानंही ती बेकायदा ठरवली. त्याच २००९च्या दिवाळीआधी दादा हे बेकायदा चिरंजीव खिशात घालून इंदूरला, रामबागेतल्या आमच्या घरी आला आणि आईच्या हाती देऊन गेला. घरात कुणाला काही वाटलं नाही.

वाटायला हवं होतं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. कुणीतरी दोन-दोन वर्षं बसून ते खेळ बांधले असणार, त्यांना आमच्याकडून एक छदाम गेला नाही. पण आम्ही वाढलोच तसे. घरातल्या कॅसेटी कोऱ्या आणून दुकानदाराकडून भरून घेतलेल्या, कव्हरवर बाबांच्या अक्षरात गाण्यांची यादी. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तासावर भाड्यानं मिळायचा, त्याच्या कार्ट्रिजवर ९९९९ इन १ लिहिलेलं असायचं, आणि दादा नि मी पहिल्या दिवशी खरोखर शेवटपर्यंत जायचा प्रयत्न केला होता. पाच-सहा खेळ निघाले, तेच पुन्हा पुन्हा, कधी रंग बदलून, कधी तिसऱ्या पायरीपासून सुरू. फसवले गेलो असं तेव्हाही वाटलं नाही. फुंकर मारायची आणि परत घालायचं, एवढंच. अस्सल म्हणजे काय ते कधी पाहिलंच नव्हतं, तर नकलेचा राग कुठून यावा? हे समर्थन नाही. लाज आणि माया एकाच डब्यात ठेवली की दोन्हींना एकमेकांचा वास लागतो, तसं काहीतरी झालंय माझं.

आईला गेम कशाला, असं बाबा म्हणाले होते. ती २००६मध्ये निवृत्त झाली होती आणि दुपारी काय करावं हे तिला कळत नव्हतं. त्या काळात उन्हाळ्यात दुपारी वीज जायची ती जायचीच. पंखा बंद, खिडक्यांना ओले पडदे, बाबा गच्चीच्या जिन्यात पंचा घेऊन, आणि आई खाटेवर पुस्तक धरावं तसा गेम उभा धरून बसलेली. पडद्याचा उजेड कमी ठेवला की या गेमची बॅटरी पंधरा तासांहून जास्त पुरते, त्यामुळे वीज मंडळाचं आणि तिचं काही भांडण नव्हतं. तिनं साठातला एकच खेळ धरला. र्‍यूता कावाशिमा म्हणून तोहोकू विद्यापीठात मेंदूवर संशोधन करणारे एक प्राध्यापक आहेत, त्यांच्या नावानं निघालेला तो मेंदूच्या व्यायामाचा खेळ. प्राध्यापकांचं नुसतं मुंडकं पडद्यावर तरंगतं, गोड बोलतं, वीस गणितं घालतं आणि शेवटी तुमच्या मेंदूचं वय सांगतं. वीस आलं तर उत्तम, ऐंशी म्हणजे संपलंच.

आईचं पहिल्या दिवशी बहात्तर आलं. ती तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. रात्री जेवली नाही नीट. चूक तिची नव्हती. उत्तरं पडद्यावर काडीनं लिहायची असतात, आणि मराठी शाळेत चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात घाईला आला की देवनागरी आकडे काढायचा. ती ४ लिहायची, यंत्र ८ वाचायचं. ती १ लिहायची, यंत्र ९. दोन अधिक दोन किती, तर आठ, असं उत्तर देणारी बाई म्हणून त्या बिचाऱ्या प्राध्यापकांनी तिला बहात्तर दिले. "याला आकडे शिकवले नाहीत कुणी," असं ती म्हणाली, ज्या सुरात ती सहावीच्या वर्गात येणाऱ्या मुलांच्या आधीच्या शिक्षकांबद्दल म्हणायची. मग आठवडाभरात तिनं हात वळवून घेतला. महिन्याभरात अठ्ठावीस. दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी, कालनिर्णयाच्या त्या त्या चौकोनात, ती रोजचं वय लिहून ठेवायची. त्या खेळात दर दिवसाचा शिक्काही उमटतो, पण यंत्रात लिहिलेल्या हिशेबावर तिचा विश्वास नव्हता.

एक चाचणी रंगांची होती. शब्द लाल लिहिलेला, पण शाई निळी, तर तुम्ही निळा म्हणायचं. बोलायचं इंग्रजीत, बिजागरीतल्या माइकमध्ये. बाकी रंग त्याला कळायचे, पण 'ब्लू' म्हटलं की ते यंत्र ढिम्म. ही तक्रार जगभरच्या लोकांची आहे हे मला फार पुढे कळलं. आईला वाटायचं आपला उच्चार कमी पडतो. मग भर दुपारी, सगळा वाडा झोपलेला, ओल्या वाळ्याचा वास, आणि आतल्या खोलीतून "ब्लू. ब्लू! ब्लूऽऽ!" शेजारच्या काकू एकदा घाबऱ्या घाबऱ्या आल्या, कुणाला हाक मारताय म्हणून. संध्याकाळी दिवे आले की ती त्याच गेमवर कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकायची. दादानं त्याच कार्डात गाणी वाजवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम टाकला होता, झाकण मिटलं तरी सूर चालू राहायचा. देवासला जाऊन प्रत्यक्ष ऐकलेला तो आवाज, आता काड्यापेटीएवढ्या भोंग्यातून. चोरीचा की काय ते कुमारांनाही विचारलं नाही आम्ही.

आणि एक दुपार वेगळी होती. १२ ऑक्टोबर. आईनं गेम सुरू केला तर रोजचा टिंग न वाजता भलतीच धून वाजली. तिला वाटलं बिघडला. मी बघितलं, काही कळलं नाही, पुन्हा बंद करून चालू केला, पुन्हा तीच धून. संध्याकाळी दादाला शुभेच्छा द्यायला फोन लावला तेव्हा उलगडा झाला. यंत्रात मालकाचं नाव आणि जन्मतारीख भरून ठेवावी लागते, मालक म्हणून अजून दादाच होता, आणि त्या दिवशी यंत्र आपणहून वेगळं वाजतं. आई दिवसभर सगळ्यांना सांगत सुटली, गेमनं वाढदिवस लक्षात ठेवला म्हणून. मला जरा झोंबलं. माझ्या वाढदिवसाला असं काही वाजण्याची सोय नव्हती.

या वेळी बॅटरीसाठी मी जेल रोडला गेले. नॉव्हेल्टी मार्केटच्या जिन्यात तोच जळक्या सोल्डरचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या बटाट्याच्या भाजीचा वास. जुनी बॅटरी फुगून पुरीसारखी झाली होती, मागचं झाकण वर उचललं गेलं होतं. तिथल्या मुलानं भिंगाखाली गेम धरला आणि म्हणाला, "दीदी, ये तो म्यूज़ियम का माल है." पण हात लावताना त्याची बोटं मऊ झाली होती. बटणाच्या फटीतून त्यानं सुईनं काहीतरी पिवळं-तपकिरी कोरून काढलं, वास घेतला आणि हसला. जीरावन, पोह्यांवर भुरभुरायचा मसाला. पोह्यांच्या बशीशेजारी खेळल्याचा पुरावा, सोळा वर्षं जुना. मायक्रो-एसडीची नक्कल आधी करून घ्या, ही जुनी कार्डं केव्हाही दगा देतात, असं त्यानं बजावलं आणि लॅपटॉपवर सगळं उतरवून दिलं. तेव्हा मी पहिल्यांदा आत काय असतं ते पाहिलं. खेळाची एक फाइल, आणि तिच्याच शेजारी त्याच नावाची एक लहानशी फाइल, तिच्यात तुम्ही कुठवर आलात तेवढंच. दोघींची नावं अक्षर न् अक्षर जुळायला हवीत. एकीचं बदललं की खेळ सुरू होतो, पण तुम्हाला ओळखत नाही. नवा खेळाडू समजून नाव विचारतो.

मुदतीचं सांगितल्यावर तो म्हणाला, त्याला उपाय आहे, कार्डातलं मूळ सॉफ्टवेअरच बदलून टाकता येतं, लोकांनी दुरुस्त करून ठेवलेलं मिळतं, मग खरी तारीख लावा खुशाल. अर्ध्या तासाचं काम. उद्या या. मी गेले नाही.

आई आता एकोणऐंशीची आहे... नाही, सत्त्याहत्तरची. हा हिशेब मला दर वेळी नव्याने मांडावा लागतो, ती असती पूर्वीची तर तोंडपाठ सांगितला असता. गेली तीन वर्षं ती माझ्याकडेच असते. सकाळी सगळं ठीक असतं. पोह्यांत साखर कमी पडली हे तिला अजून कळतं. डॉक्टरांनी विचारलं, आजी, साल कोणतं चालू आहे? तर म्हणाली, "साल काय, कॅलेंडरवर असतं की ते. कॅलेंडर नाही का तुमच्याकडे?" डॉक्टर हसले, मीही हसले, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चार वाजले की मात्र तिची नजर दाराकडे जायला लागते. दादा जीएसआयटीएस कॉलेजमधून आला का, सायकलची हवा कमी होती त्याच्या. रविवारी दादा सिंगापूरहून व्हिडिओ कॉल करतो तेव्हा त्या पिकल्या केसांच्या गृहस्थांशी ती अगदी अदबीनं बोलते. एकदा म्हणाली, "तुमचा आवाज आमच्या मोठ्यासारखा आहे हो."

आणि मी तिची तारीख नीट लावते. मला ते कर्तव्य वाटत होतं. सोडून दिलं तर ती आणखी लांब जाईल, धरून ठेवायला हवं, असं काहीसं. आई, आज मंगळवार. आई, दादा पन्नाशीला आलाय. आई, बाबा बँकेतून कसे येतील, बाबांना जाऊन आठ वर्षं झाली. ती ऐकते. दर वेळी पहिल्यांदा ऐकते. ओठ मिटून घेते, पदर चाचपते, "मला कसं कळवलं नाही कुणी," म्हणते. मग उरलेली संध्याकाळ ती खिडकीशी बसून असते, जेवण नको, दिवा नको. दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा, बाबा आले का गं? मागच्या वर्षभरात मी माझ्या आईला किती वेळा विधवा केलं असेल, मोजलेलं नाही.

परवा दुपारी ती झोपेतून उठली आणि म्हणाली, "आज दादाचा वाढदिवस ना? शिरा करायचा राहिलाच." जून चालू होता. बाहेर पहिल्या पावसाचा भपकारा होता आणि कैऱ्यांच्या बरण्या ओट्यावर दादरा बांधून उभ्या होत्या. माझ्या तोंडावर आलं होतं, आई, ऑक्टोबरला चार महिने आहेत. मी रवा काढला. तो तुपावर खमंग होईपर्यंत, एका हातानं ढवळत, दुसऱ्या हातानं गेम उघडून मी तारखेच्या खिडकीत गेले. बाण दाबत वर्षं मागे घेताना मजा वाटत नव्हती, भीतीच वाटत होती, घरात कुणी बघत नाही ना अशी. बाबा गेले ते वर्ष ओलांडलं. लेकीचा जन्म ओलांडला, तिथे बोट जरा थांबलं. लेकीनं फ्रिजवर लिहिलेली हद्द ओलांडली. २००९वर आले आणि महिना लावला, मग दिवस.

बंद करून पुन्हा चालू केला. वेगळी धून वाजली. इतक्या वर्षांनी ती मला ओळखू आली याचंच मला नवल वाटलं, साधीशी आहे, चार-पाच सुरांची. आईनं तिकडे लक्षही दिलं नाही. ती चष्मा शोधत होती, तो तिच्या केसांत होता. मी काढून दिला, गेम हातात दिला, तर तिनं विचारलं नाही की हे काय आहे. सरळ आडवा होता तो उभा केला, पुस्तकासारखा, बाजूच्या खाचेतून काडी ओढली. प्राध्यापकांचं मुंडकं तरंगत आलं. यादीत तिचं नाव होतं. वीस गणितं सुरू झाली आणि मी शिऱ्यात साखर घालायचं विसरून बघत राहिले. हात थरथरत होता, पण थांबत नव्हता. सात उणे तीन. तिनं ठसठशीत ४ काढला. यंत्रानं आठ वाचला, फुली मारली. तिनं पुन्हा ४ काढला, या वेळी जरा मोठा, फळ्यावर मागच्या बाकालाही दिसेल असा. पुन्हा फुली.

"याला आकडे शिकवले नाहीत कुणी," आई म्हणाली.